कोण हसत नाहीये?

दुसऱ्या दिवशी तिसरीच्या वर्गाला 'दादागिरी कशी ओळखायची' हे शिकवायचं होतं. त्याची तालीम घरीच करावी, असं मी ठरवलं. (नव्या सुनेनं घरी असल्या तालमी करू नयेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.) विद्यार्थिनी मिळाली माझी पुतणी, भिंगरी. तीही तिसरीतलीच, पण दुसऱ्या शाळेतली.

"गंमत कुठली आणि दादागिरी कुठली, कसं कळणार?" मी विचारलं.

"कोण हसत नाहीये ते बघायचं."

"आणि तोच म्हणाला, 'काही नाही, गंमत चाललीये', तर?"

"तर जास्तच लक्ष द्यायचं."

मी खूश. पोरगी तयार झाली होती.

जेवताना मोठ्या भावोजींनी, म्हणजे भिंगरीच्या बाबांनी, रोजचा कार्यक्रम सुरू केला. माझा आवाज बारीक. म्हणून ते नुसते ओठ हलवतात आणि विचारतात, "ओळखा, धाकट्या सूनबाई काय म्हणाल्या?" सगळं टेबल हसतं. आमचे हेसुद्धा. मी हसल्यासारखं करते आणि ताटात बघते. (या घरात आल्यापासून मी दुसऱ्यांदा भाजी मागितलेली नाही.)

"बाबा, थांबा," भिंगरी म्हणाली. "काकू हसत नाहीये."



"अगं, काही नाही," मी घाईघाईनं म्हणाले, "गंमत चाललीये."

बोलले आणि जीभ चावली.

"बघा!" भिंगरीनं सासूबाईंना सांगितलं. "असंच म्हणतात."

भावोजी अजून हसतच होते. "काय गं, खरंच वाईट वाटतं तुला?"

'नाही' म्हटलं असतं तर सुटले असते. पण समोर भिंगरी डोळे रोखून बसली होती. तिच्यादेखत खोटं बोलून उद्या वर्गात कुठल्या तोंडानं उभी राहणार?

मी उठले. तालमीत भिंगरीला शिकवलं होतं तश्शी : पाय घट्ट, मान ताठ, हात पुढे. (हातात आमटीचा डाव होता.)

"थांबा. मला हे आवडत नाही."

या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं. ह्यांनी मान खाली घातली. भावोजी सावकाश उभे राहिले.

"चुकलं माझं. पुन्हा नाही करणार."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण वर्गातली सवय!

"शाब्बास," मी म्हणाले. "आता जागेवर बसा."

भावोजी बसले. पाणी घ्यायला उठलेले सासरेही निमूट बसले. उभी राहिले ती मी एकटीच. मग मी डाव खाली ठेवला आणि दुसऱ्यांदा भाजी मागितली.