हरकत असल्यास कळवावी

समुद्र रद्द करायचा, हे वकीलसाहेबांनी मंगळवारी सकाळी दाढी करताना ठरवलं. रद्द करणं सोपं होतं, बायकोला सांगणं अवघड. म्हणून त्यांनी ते काम कायदेशीर मार्गानं करायचं ठरवलं.

बाई (त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची, शाळेत बाई, म्हणून घरातही बाईच) लग्नापासून समुद्रावर जाऊ या म्हणत होत्या. यंदा कुठे तिकिटं हातात आली होती, आणि नेमके त्याच आठवड्यात मोठे साहेब दौऱ्यावर निघाले. "तोवर माझ्या खुर्चीत तुम्हीच बसा," असं ते म्हणाले. ती खुर्ची गोल फिरायची. वकीलसाहेबांना तिचा मोह फार दिवसांचा होता.

ते सरकारी खात्यात कायदेशीर सल्लागार होते. खातं आधी काहीतरी करून मोकळं व्हायचं आणि ते कायद्यात कसं बसतं, हे मग वकीलसाहेब शोधायचे. वरातीमागून घोडं आणण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मागे खात्यानं एक पूल पाडला. नोटीस पुलावरच लावली होती. पण पूल आधीच बंद केल्यामुळे ती कुणाला वाचता आली नव्हती. "नोटीस देणं हे खात्याचं काम, वाचणं हे लोकांचं," असं वकीलसाहेबांनी लिहून दिलं, आणि खातं सुटलं.

तर त्या मंगळवारी बाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि मिक्सर घरघरत होता. वकीलसाहेब दारात उभे राहून म्हणाले, "यंदा समुद्र होणार नाही. हरकत असल्यास कळवावी." (हळू म्हणाले, पण मोठ्यानं म्हणावं असं कुठल्या कायद्यात आहे?)

मिक्सर थांबला. "काही म्हणालात?"

"म्हणालो," ते म्हणाले आणि मोजे शोधायला गेले.

रविवारी संध्याकाळी पलंगावर बॅग उघडी होती. बाईंनी नवी हॅट आणली होती आणि ती आरशासमोर डोक्यावर नीट करत होत्या. आता सांगणं भाग होतं. वकीलसाहेबांनी सगळं सांगितलं, नोटिशीसकट.

"म्हणजे मला ऐकू आलं नाही तरी चालतं?"

"नोटीस दिली होती. ऐकणं ही समोरच्या पक्षाची जबाबदारी."

"मग आता घेते हरकत."

"मुदत संपली."

"कधी?"

"मिक्सर बंद झाला तेव्हा."

बाई हॅट काढून पलंगाच्या कडेला बसल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. वकीलसाहेबांना खरोखर वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून खात्यानं आजवर कुठला निर्णय मागे घेतला होता?

"हा नियम दोघांनाही लागू ना?" बाईंनी विचारलं.

"अर्थात! कायद्यापुढे सगळे सारखे."

"मग मीही नोटीस दिली होती. मागच्या रविवारी दुपारी, तुम्ही घोरत होतात तेव्हा. तुम्ही ऐनवेळी टांग मारलीत तर तुमच्या जागी ताई येईल, असं स्पष्ट सांगितलं. तुम्ही कूस बदललीत. हरकत नाही, असं मी धरलं."

"पण तेव्हा तर माझं काही ठरलंही नव्हतं!"

"तुमचं नव्हतं ठरलं. मी तुम्हाला ओळखते."

सोमवारी पहाटे बाईंची थोरली बहीण बॅग घेऊन दारात हजर. दोघी हसत खिदळत जिना उतरल्या. वळूनसुद्धा कुणी पाहिलं नाही. घर एकदम मोठं वाटायला लागलं. वकीलसाहेब कडक इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात गेले. खुर्ची फिरत होती. तिच्यात मोठे साहेब बसले होते.

"दौरा रद्द," मोठे साहेब पडेल आवाजात म्हणाले. "बायकोनं हरकत घेतली."

दुपारपर्यंत वकीलसाहेबांनी कसाबसा धीर धरला. मग स्वतःच्या टेबलावरून, न फिरणाऱ्या खुर्चीत बसून, बाईंना फोन लावला. पलीकडून नुसत्या लाटांचा आवाज आला.

"माझं चुकलं," ते कुजबुजले.

"काय? मोठ्यानं बोला!"

"माझं चुकलं!" शेजारच्या टेबलांवरची टकटक थांबली.

"ऐकू येत नाही हो!"

आता मात्र वकीलसाहेबांनी लाजलज्जा गुंडाळून ठेवली आणि उभे राहून ओरडले, "माझं चुकलं! खुर्ची गेली खड्ड्यात! मला तुझ्याशिवाय घरात करमत नाही! उद्याच्या गाडीनं येऊ का?"

अख्खा मजला वळून पाहू लागला. मोठे साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले.

"अहो भावोजी, मी ताई बोलतेय," फोनमधून आवाज आला. "ती केव्हाची पाण्यात आहे. पण काळजी करू नका. फोन स्पीकरवर आहे, इथल्या सगळ्यांनी नीट ऐकलंय."