आधी कासमचाचा राहणार

नवीन भाडेकरू यायचा असला की कासमचाचा आधी स्वतः त्या खोलीत भाडेकरू म्हणून राहायला जात. गंमत नाही सांगत. वरच्या मजल्यावरचं ऐसपैस घर, पलंग, पंखा आणि बायको सगळं सोडून हा माणूस वळकटी, स्टोव्ह आणि एक बादली घेऊन जिना उतरायचा आणि चार-पाच दिवस खालच्या खोलीत बिऱ्हाड मांडायचा. भिंतींना रंग मारला, नळाचा वायसर बदलला, की झाली खोली तयार, असं बाकीचे घरमालक समजतात. चाचांना ते पटत नसे. "राहून बघितल्याशिवाय कळत नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

हे मी ठासून सांगू शकतो, कारण त्या वर्षी मे महिन्यात तो नवीन भाडेकरू मीच होतो आणि खोली मला ताबडतोब हवी होती.

मी पोलादपूरच्या पुढचा, उमरठच्या बाजूचा. महाडच्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. बायको, सुजाता, बाळंतपणासाठी मुंबईला माहेरी गेलेली. मुलगी दोन महिन्यांची झाली होती आणि मी तिला एकदाच पाहिलं होतं. दोघी रविवारच्या गाडीनं वीर स्टेशनवर उतरणार होत्या, आणि माझ्याकडे त्यांना ठेवायला जागा नव्हती. महाडात खोल्या नव्हत्या असं नाही. पण लोक आधी आडनाव विचारत, आणि ते ऐकलं की त्यांच्याकडे एकाएकी पाहुणे यायचे ठरे. चवदार तळ्याच्या गावात ही तऱ्हा! तीन दारांवरून असा परत आलो होतो, त्यामुळे डोकं आधीच तापलेलं होतं.

कासमचाचांनी आडनाव विचारलंच नाही. कुवेतला बावीस वर्षं काढून आलेला हा उंचेला माणूस लुंगीवर कडक इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसला होता. मला आपादमस्तक न्याहाळून त्यानं विचारलं, "मास्तर, कुठल्या कुशीवर झोपता?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. डाव्या, म्हणालो. मग घरात कोण कोण, विचारलं. बायको आणि दोन महिन्यांची मुलगी, असं सांगितल्यावर चाचा म्हणाले, बघायला लागेल. मंगळवारी ते खाली राहायला गेले.

मी रोज संध्याकाळी चक्कर टाकायचो. खोलीत काही खटकलं की चाचा जिना चढून स्वतःच्याच घराचं दार वाजवत. रुकय्याचाची दार उघडत. मग हा त्यांचा नवरा अगदी परक्यासारखा उभा राहून सांगे, मालकीणबाई, मोरीत पाणी तुंबतंय. चाची तांदूळ निवडता निवडता म्हणत, आधीचा भाडेकरू चार वर्षं राहिला, त्यानं कधी तोंड उघडलं नाही. तो भिडस्त होता, असं म्हणून चाचा गटारवाल्याला शोधायला बाहेर पडत. बुधवारी दाराचा बोल्ट आतून लागेना. गुरुवारी त्यांनी स्टोव्हवर सुकट भाजली, वास कुठून बाहेर जातो ते बघायला. तो थेट वरच्या मजल्यावर गेला. चाची तरातरा खाली आल्या आणि त्यांनी भाडेकरूला आत्ताच्या आत्ता खोली सोडायला सांगितलं. चाचा बेहद्द खूश. मला बाजूला घेऊन म्हणाले, मालकीण भांडखोर हाय, तेवढं सांभाळून घ्या.

हसलो मी, पण आतून जीव टांगणीला लागला होता. शुक्रवारी किल्ली मिळणार असं धरून गेलो, तर चाचा म्हणाले, अजून दोन-चार रोज लागतील.

झालं! मी भडकलो. इतके दिवस गिळलेलं सगळं बाहेर आलं.

"द्यायची नसेल तर सरळ सांगा, चाचा. माझं आडनाव कुणाकडून तरी कळलं असेल. सवय आहे मला."

चाचांना आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला. जिन्यात उभ्या असलेल्या चाची म्हणाल्या, "अवो, सांगा ना त्यांना."

चाचांनी छताच्या लोखंडी कडीकडे बोट दाखवलं. पाळण्याची कडी. वरचा मजला व्हायच्या आधी सगळं घर याच खोलीत राहत होतं.

"तुमची पोर हितंच निजणार. दुपारचं ऊन तिच्या तोंडावर येतं का, मला माहीत नव्हतं. हिला विचारलं, तर म्हणते इसरली. माझी तीन पोरं हितं वाढली, मास्तर. मी एकालाबी पाळण्यात बघितला नाय. सुट्टीवर यायचो तवा चालत असायची. दोन तर मला बघून रडली."

म्हणजे हा माणूस चार दिवस भर दुपारी त्या कडीखाली उताणा पडून उन्हाची वाट बघत होता. तीन वाजता खिडकीच्या झडपेच्या फटीतून तिरीप बरोबर तिथे येत होती, आणि सुतारानं मंगळवारचा वायदा केला होता. मला माझीच लाज वाटली. चाचा, चुकलो, एवढंच म्हणता आलं.

सुताराची वाट न बघता शनिवारी आम्ही दोघांनीच झडपेला फळी ठोकली. माझा अंगठा ठेचला, फळी तिरकी बसली, पण फट बुजली. किल्ली देताना चाचांनी मला खिडकी कशी लावायची ते तीनदा समजावलं.

रविवारी वीरहून रिक्षानं सुजाता आणि मुलगी आल्या. चाचींनी माळ्यावरचा पाळणा काढून, पुसून कडीला टांगला होता. मुलीला त्यात निजवलं. चाचा उंबऱ्याबाहेर उभे होते. चपला काढून, सुजाताची परवानगी विचारून मगच आत आले. मी म्हटलं, द्या ना झोका.

त्यांनी दोरी हातात घेतली आणि तसेच थांबले. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "मास्तर, किती जोरानं ओढायचं?"

मला तरी कुठे माहीत होतं? मी सुजाताकडे बघितलं. तेवढ्यात रुकय्याचाची पुढे झाल्या, त्यांनी नवऱ्याच्या मुठीवर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून दोरी ओढली.