अक्कांचे पाव्हणे

थंडीच्या तोंडाला लोहाऱ्यात महादेवी अक्कांच्या दुकानात साखर आणायला जाऊ नये. गेलातच तर फुरसत काढून जावं. तागडीत साखर पडत असते, तेवढ्यात वरून कुठूनतरी किलबिल ऐकू येते आणि अक्का तागडी तशीच लोंबकळत सोडून रस्त्यावर! पदर सावरायचा, कपाळावर हाताचा आडोसा धरायचा आणि गिऱ्हाईक कुरकुरलंच तर मागं न बघता सांगायचं, "थांब की! पाव्हणे आलेत."

पाव्हणे म्हणजे दरसाली उत्तरेकडून येणारी पाखरं. मी अक्कांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहतो, त्यामुळं या पाव्हण्यांची नात्यागोत्यासकट ओळख अक्कांनी मला करून दिलेली आहे. शेपटी हलवत तुरुतुरु पळणारा धोबी पक्षी म्हणजे धाकटी सून. "एका जागी बूड टेकत न्हाय बघ." दुकानामागच्या गायरानावर लांब पंख पसरून घिरट्या घालणारा शिकारी भोवत्या म्हणजे थोरला जावई. "कामधंदा काय दिसत न्हाय, पर रुबाब बघ की!" हे अक्का अशा कौतुकानं म्हणतात, की त्यांचा खरा जावई शेजारी असला तर बिचारा पोट आत ओढून घेतो.

परवा बाजाराच्या दिवशी मात्र घात झाला. समोरच्या मोबाइलवाल्यानं दुकानाला नवीकोरी काच बसवली होती. काचेतल्या कडुनिंबाला खरं झाड समजून एक टिचभर माशीमार पाखरू तिच्यावर आदळलं आणि पायरीवर पडलं. अक्कांनी धावत जाऊन ते उचललं, बिस्किटाच्या खोक्यात फडक्यावर ठेवलं आणि भर बाजारात शटर निम्मं खाली ओढलं.

"अक्का, पोहे तरी द्या!" बाहेरून कुणीतरी ओरडलं.

"उद्या खा!"

मी वाकून आत गेलो. अक्का पोत्यावर बसून खोक्याशी हलक्या आवाजात बोलत होत्या. कानडीत. गल्लीला दटावणारा तो आवाज कुठल्या कुठं गेला होता. त्यांच्या तोंडून कानडी मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

दुपार कलली तशी खोक्यात फडफड झाली. अक्कांनी मागच्या दारात नेऊन झाकण उघडलं. पाखरू काठावर बसलं, शेपटी उडवली आणि भुर्रकन बाभळीत गेलं.

"होगि बा, तंगी," अक्का म्हणाल्या.

"म्हणजे काय?"

"जाऊन ये, धाकले. आमच्याकडं धाकल्या बहिणीला तंगी म्हणत्यात, धाकल्या भावाला तम्मा." मग म्हणाल्या, "माझं माहेर आळंदचं, तिकडं कर्नाटकात. लग्न होऊन आले तवा सासू म्हणायची, गिऱ्हाइकासमोर मराठीत बोल. शिकले. पोरं बी मराठीच बोलत्यात. आई हुती तवर तिच्याशी बोलायची. आता घरात कुणाला येत न्हाय, मग यांच्याशी बोलते. लांबून आलेल्यांना कुठं मराठी येतंय?"

मला हसू आलं. त्याही हसल्या आणि शटर वर करायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या एका कानडी जाणणाऱ्या सोबत्याकडून मी एक वाक्य घोकून घेतलं. जेवण झालं का, एवढंच विचारणारं. संध्याकाळी दुकानासमोर उभा राहिलो आणि धीर करून म्हणालो, "ऊटा आतेन्, अक्का?"

अक्कांचा हात बरणीच्या झाकणावर थांबला.

"लई वंगाळ बोलतोस, तम्मा," त्या म्हणाल्या. मग स्टूल माझ्याकडं सरकवलं. "बस हितं. पुन्ना म्हण."