बिलोलीकर काकांचं भिंग

बिलोलीकर काका दगड चाटतात. ही ऐकीव गोष्ट नाही. हैदराबादच्या चिक्कडपल्लीत राहायला आलो त्याच दिवशी मी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ट्रकमधून आमचं सामान उतरत होतं, आणि तळमजल्यावरचे हे सत्तरीतले गृहस्थ सासूबाईंचा वरवंटा दोन्ही हातांत धरून निरखत होते. मग त्यांनी त्याला जिभेचं टोक लावलं, समाधानानं मान हलवली आणि विचारलं, "बेसाल्ट. पुण्याकडचे का तुम्ही?"

सासूबाईंनी तो वरवंटा तीनदा धुतला.

"ओला दगड बोलतो, कोरडा मुका असतो," काकांनी मला नंतर समजावलं. "ओला झाला की त्याचे कण दिसतात, रंग दिसतो. दर वेळी पाणी कुठून आणायचं? आणि हा आपल्या बिल्डिंगखालचा ग्रॅनाइट बघा. याच्यापुढे तुमचा सह्याद्री म्हणजे कालचं लेकरू!"

काकांचं घराणं हैदराबादेतलं जुनं, पिढ्यान् पिढ्या सरकारी नोकरीतलं. ते स्वतः खनिज खात्याच्या प्रयोगशाळेत होते. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. आम्ही त्यांना पाहिलेलं नाही. आता घरात काका आणि खोक्यांत भरलेले दगड. खिशात कायम एक घडीचं भिंग. ते डोळ्याशी धरलं की खडा दहापट मोठा दिसतो आणि काकांना समोरचा माणूस दिसेनासा होतो.

ऑफिसात माझं बिनसलं होतं तेव्हा सासूबाईंनी ज्योतिषाला विचारून मला नीलमाची अंगठी करून दिली. जिन्यात काकांनी माझं बोट धरलं. "ठैरो, बघू द्या." भिंग लागलं. "आत बुडबुडा आहे. गोल. म्हणजे भट्टीत वितळवलेली काच. जमिनीच्या पोटात नीलम सावकाश वाढतो, त्याच्यात रेशमासारख्या बारीक सुया सापडतात. शनिमहाराजांना काच चालत असेल तर घाला, माझी काही हरकत नाही."

सासूबाई दोन महिने त्यांच्याशी बोलल्या नाहीत. काकांच्या ते लक्षातही आलं नाही.

दिलसुखनगरच्या एका लग्नात तर त्यांनी वराच्या मावशींच्या हिऱ्यावर न विचारता तोंडाची वाफ सोडली. "खऱ्या हिऱ्यावरची वाफ लगेच उडते," असं म्हणून ते मोठ्यांदा मोजू लागले. "एक, दोन, तीन, चार... अजून आहेच. नक्को. हा हिरा नक्को." मावशी न जेवता गेल्या. तेव्हापासून जिन्यात काका दिसले की आमच्या बिल्डिंगमधल्या बायका हात पदराखाली घेतात.

"थोडं गोड बोलावं, काका," मी एकदा म्हटलं.

"दगड झूठ बोलत नाही. मग त्याच्या वतीनं मी कायकू बोलू?"

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी मी काकांकडे बसले होते. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या सावित्रम्मा आल्या. त्यांचे यजमान वर्षापूर्वी गेले. त्यांनी बोटातली लाल खड्याची अंगठी काढली, पदरानं पुसली आणि काकांसमोर धरली. "बहू बोल्ती, काँच है. आप देख के बोलो."

मी काकांना डोळ्यांनी खुणावत होते, पण ते अंगठी घेऊन खिडकीशी गेलेसुद्धा. भिंग डोळ्याला लावून बराच वेळ उभे राहिले.

"अम्मा," वळून न बघता त्यांनी विचारलं, "ये कौन लाके दिये?"

सावित्रम्मा सांगू लागल्या. नव्या संसारातला पहिला पगार. यजमानांनी तो सगळा पत्थरगट्टीच्या बाजारात या अंगठीवर घातला आणि घरापर्यंत पायी आले. वाटेत चप्पल तुटली. ते दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या एका हातात अंगठी होती, दुसऱ्या हातात चप्पल. सांगता सांगता सावित्रम्मा हसायला लागल्या. वर्षभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. काका विचारत राहिले. तुम्ही रागावलात का? त्या दिवशी स्वयंपाक काय होता? अर्धा तास कसा गेला कळलं नाही.

निघताना सावित्रम्मांना आठवलं. "तो... असली है ना?"

"अम्मा, ऐसी अंगूठी मैं आज तक नै देखा."

सावित्रम्मांनी अंगठी डोळ्यांना लावली, बोटात घातली आणि जिना चढून गेल्या.

"म्हणजे माणिक निघालं?" मी विचारलं.

"काय माहीत? मी बघितलंच नाही. भिंगामागचा डोळा मिटून घेतला होता."

मी हसले. काका हसले नाहीत. त्यांनी भिंगाची घडी घातली, पुन्हा उघडली.

"आमच्या हिच्या बोटात पुष्कराज होता. तिच्या वडिलांनी दिलेला. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात मी भिंग लावलं. काच. सांगून टाकलं."

"मग?"

"मग काही नाही. भांडली नाही, रडली नाही. अंगठी काढून ठेवली. मी बरोबर होतो ना!" ते थांबले. "पुढे आमचा संसार छान झाला. पण तिनं मला कधी एक दगड दाखवला नाही. एकदा भाजी घेऊन येताना रस्त्याच्या खोदकामात तिला स्फटिक सापडला. सहा बाजूंचा, टोकदार, पाण्यासारखा नितळ. असा खात्यातसुद्धा कुणाला मिळाला नव्हता म्हणे. तो तिनं वर सावित्रम्मांना नेऊन दाखवला. मला कळलं त्यांच्या यजमानांकडून."

माझी नजर दगडांच्या खोक्यांकडे गेली.

"ती गेल्यावर सगळं घर शोधलं," काका म्हणाले. "कुठे ठेवला, कोण जाणे."