तांडेलकाकांचा सराव

तांडेलकाकांनी कॉम्प्युटरचा माउस टेबलाच्या पायाला बांधून ठेवला आहे. जाळ्याच्या निळ्या नायलॉन दोरीने वायरीला अशी गाठ मारली आहे, की माउस हवा तितका फिरतो, पण टेबलावरून खाली म्हणून पडत नाही. पेन खिडकीच्या गजाला, स्टेपलर खणाच्या कडीला आणि छत्री खुर्चीच्या पाठीला, असा सगळाच बंदोबस्त आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी न राहवून विचारलं, "काका, माउस कशाला बांधलाय?"

होडी कशाला बांधतात असं विचारणाऱ्या माणसाकडे पाहावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सुटा ठेवला का जातो, मॅडम," ते म्हणाले.

हरेश्वर तांडेल हे आमच्या पालघरच्या कॉलेजातले दाखल्यांच्या खिडकीवरचे क्लार्क. राहणार चिंचणी. बापजाद्यांची मासेमारी, होडी आता धाकट्या भावाकडे. काका एकटेच शिकून कागदात शिरले, पण येताना दोरी आणि आवाज दोन्ही घेऊन आले. समुद्रावरच्या वाऱ्यात ऐकू जावं इतक्या मोठ्याने ते 'पुढचा' म्हणतात, आणि रांगेतले दोघेतिघे एकदम पुढे येतात.

मी त्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. विद्यापीठाने सगळा कारभार ऑनलाइन करायचं ठरवलं, तेव्हा ऑफिसच्या मंडळींना नवी प्रणाली शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दर शनिवारी दुपारी वर्ग. पहिल्याच दिवशी 'सेव्ह करा, सेव्ह करा' सांगून माझा घसा बसला, तरी परीक्षा विभागातल्या राऊतबाईंनी भरलेली माहिती तीनदा घालवली. चौथ्यांदा त्या रडकुंडीला आल्या, तेव्हा मागच्या बाकावरून काकांचा आवाज आला.

"राऊतबाय, बांदलंस का? नाय बांदलंस तर जानारच."

तेव्हापासून आमच्या ऑफिसात कुणी सेव्ह करत नाही. सगळे बांधतात. अर्ज भरायचा, बांधायचा, तपासायचा, मग सोडायचा. माझ्या सोळा पानी पुस्तिकेने जे झालं नाही, ते एका वाक्यात झालं. मला थोडा राग आला, पण फायदाही माझाच होता.

शिकण्यासाठी एक सराव खातं होतं. त्यात प्रत्येकाने एक खोटा विद्यार्थी तयार करायचा आणि प्रवेशापासून दाखल्यापर्यंत त्याचे सगळे अर्ज भरायचे. राऊतबाईंनी विद्यार्थ्याचं नाव 'अ ब क' ठेवलं. ग्रंथालयातल्या चुरींनी सासूबाईंचं नाव घालून त्यांना दोन विषयांत नापास केलं. काकांनी लिहिलं, 'किरण, चिंचणी'.

एका तुकडीबरोबर वर्ग केला की पुरे होतं. मी अशा चार तुकड्या घेतल्या आणि काका चारही तुकड्यांना आले, दर वेळी सुकटाची पुडी घेऊन. पहिल्या तुकडीत त्यांनी किरणला प्रवेश दिला. दुसऱ्या तुकडीत तो दुसऱ्या वर्षाला गेला. चौथीत पदवीधर झाला, तोही पहिल्या वर्गात. फक्त शेवटचा धडा, कॉलेज सोडल्याचा दाखला, काका कधी करत नसत. "हा मंग करतो," म्हणून घरी जात. मला वाटायचं, चिंचणीच्या एसटीची वेळ होत असेल.

मग तक्रारी यायला लागल्या. बाकी कुठलाही कागद काका तासाभरात देत. पण शिक्षण अर्धवट सोडून कुणी दाखला मागितला, की अर्ज परत. शेरा एकच: 'कागद अपुरा. खिडकीवर येऊन भेटावे.' आता अर्ज ऑनलाइन असताना माणसाने खिडकीवर का यायचं?

मी मास्तरीण असल्यामुळे माझा निष्कर्ष तयार होता: काकांना 'मंजूर'चं बटण सापडत नाही. मी ते त्यांना तीनदा शिकवलं. एकदा तर त्यांच्या पडद्यावर त्या जागी लाल टिकली चिकटवली. "समजलं, मॅडम," ते दर वेळी म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन अर्ज परत.

शेवटी प्राचार्य मॅडमनी बजावलं, की शुक्रवारपर्यंत हे मिटलं नाही, आणि तांडेलांच्या नावापुढे 'सराव पूर्ण' दिसलं नाही, तर खिडकी दुसऱ्याला द्यायची आणि त्यांना भांडारात बसवायचं. मी काकांना तसं सांगितलं. त्यांनी बराच वेळ माउसची गाठ चाचपली.

"भांडाराला खिडकी नाय," ते म्हणाले.

गुरुवारी मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मला आता खरंच कुतूहल होतं. अकराच्या सुमारास माकुणसारची एक मुलगी आली, दुसऱ्या वर्षाची, बरीच चिडलेली.

"कागद कुठला कमी हाय?"

"कागद सगले हायत. बस तू," काका म्हणाले. खिडकीच्या पलीकडे एक स्टूल होतं, अर्थात गजाला बांधलेलं. इतक्या हळू बोलताना मी काकांना प्रथमच ऐकत होते. "कॉलेज कशाला सोडतंस, बाय?"

"बोईसरला कंपनीत लागले. सकालची पाली हाय. वर्ग कधी करू?"

"घरी कोन बोललं, सोड म्हनून?"

"कोनी नाय. मीच ठरवलं."

"मंग इचारलंस कोनाला?"

तेव्हा कुठे ती स्टुलावर बसली. काकांनी पडदा तिच्याकडे वळवला. "नाव काढू नको. नाव राऊ दे. नोकरी कर, परीक्षा बाहेरून दे." आणि त्यांनी बाहेरून परीक्षेला बसण्याच्या अर्जाचं पान उघडलं. चार तुकड्या शिकवूनही ते पान मी कधी उघडलं नव्हतं. अर्ज भरून त्यांनी तो बांधला. मुलगी "घरी बोलते" म्हणाली आणि गेली.

"सगळे थांबतात का?" मी विचारलं.

"नाय. पुष्कल जातात. मंग दाखला देतो. पन इचारून देतो."

"मग फोन करा ना, काका. अर्ज कशाला परत पाठवता?"

"फोनवर तोंड दिसत नाय."

एवढं बोलून त्यांनी खालचा खण उघडला. दोरीने बांधलेली एक फाईल काढली आणि चार गाठी सोडल्या. आत एका जुन्या दाखल्याची कार्बन प्रत होती. किरण हरेश्वर तांडेल, दुसरं वर्ष. अर्जाची आणि दाखल्याची तारीख एकच, आणि खाली सही काकांचीच.

"घरी बोलायला जमलं नसंल, म्हनून पोरगा रांगेत उभा रायला," ते म्हणाले. "मी बोललो, घरी बोलू. मागे रांग व्हती ना. चार मिन्टांत दाखला दिला. तवा मी सगल्यात जलद क्लार्क."

"मग घरी बोललात?"

"मी घरी पोचलो तवर तो गेलावता. जहाजावर हाय आता. दिवालीला फोन करतो." त्यांनी फाईल पुन्हा बांधली. "त्याची आय व्हती तवर दोनदा करायचा."

या माणसाला मी तीनदा बटण दाखवलं होतं. त्या टिकलीची मला इतकी लाज वाटली, की उठताना मी ती नखाने काढून टाकली.

शुक्रवारी मी प्राचार्य मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. भेटीची अट अर्जातच घाला. पण त्यांचा सराव तेवढा आज पूर्ण करून घ्या." मी विद्यापीठाला फोन करून परवानगी मिळवली आणि दुपारीच अर्जात एक ओळ वाढवली: 'अर्जदाराशी प्रत्यक्ष भेट झाली का?' उत्तर 'होय' असल्याशिवाय 'मंजूर'चं बटण चालणार नाही.

संध्याकाळी काका वर्गात आले. सराव खात्यात किरणचं पान उघडलं: तिन्ही वर्षं पास. शेवटचा धडा तेवढा राहिला होता. "आता देतो," ते म्हणाले. "शिकून जातोय, हरकत नाय." एका बोटाने त्यांनी सगळा अर्ज भरला आणि ते मी वाढवलेल्या ओळीपाशी येऊन थांबले.

"काका, सरावच आहे. 'होय' टाका," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "झाली नाय ना पन. बांदून ठेवतो, मॅडम. भेट झाली का सोडतो."

अर्ज बांधून, छत्री सोडवून ते एसटीला गेले. मी वही उघडली आणि त्यांच्या नावापुढे 'सराव पूर्ण' असं लिहिलं. नोकरीतली माझी ही पहिली खोटी नोंद. मग सगळ्या तुकड्या संपल्या म्हणून सराव खातं पुसायला घेतलं. 'अ ब क' गेले, चुरींच्या सासूबाई गेल्या. किरणचं पान मी राहू दिलं.