कोऱ्या कोटाला हळद

"अहो आई, या कोटाला काय लावलंत तुम्ही?" सुनीती किचनमधून जवळजवळ ओरडलीच.

"हळद. कोरा कपडा आहे. हळदीचं बोट लावल्याशिवाय अंगात घालत नाहीत," प्रमोदिनीबाई शांतपणे म्हणाल्या. साताऱ्याहून लंडनजवळच्या पिनरला मुलाकडे येऊन त्यांना जेमतेम पंधरा दिवस झाले होते. एरवी त्या बोट आतल्या टोकाला लावत. पण चष्मा वरच्या खोलीत राहिला होता, आणि बोट नेमकं पांढऱ्याशुभ्र कॉलरवर उमटलं होतं.

डॉक्टर जयंत मटकन खुर्चीत बसला. त्या लाल कोटासाठी तो तीन वर्षं झुरला होता. हौशी मंडळींचा एक गट हाउन्सलोपलीकडच्या मैदानावर दर उन्हाळ्यात १८०३ सालचं इंग्रज-मराठा युद्ध खेळायचा. बावीस गोरे लाल कोट चढवून इंग्रजांची पलटण व्हायचे आणि मराठा फौज म्हणजे एकटा जयंत. दर रविवारी त्याने गर्जना करायची, बावीस जणांवर चालून जायचं आणि ओल्या गवतात मरून पडायचं. सोमवारी हॉस्पिटलमधली नर्स विचारायची, "पुन्हा हरलात का, डॉक्टर?" एकदा तरी जिंकणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं, एवढीच त्याची इच्छा होती. खूप मिनतवाऱ्यांनंतर सेक्रेटरी पेटिग्रूसाहेबांनी होकार दिला होता, आणि उद्या कोटाची तपासणी होती. हे पेटिग्रू म्हणजे भूगोलाचे रिटायर्ड मास्तर. दोन बटणांतलं अंतर ते फूटपट्टीने मोजत. कॉलर आणि मनगटाच्या पट्ट्यांच्या रंगावरून पलटण ओळखतात, आणि यांच्या पलटणीचा रंग पांढरा.

सुनीतीने डागावर साबण चोळला. डाग लालभडक झाला.

"आता तर रक्त लागल्यासारखं दिसतंय!" जयंत किंचाळला.

"थांब, व्हिनेगर ट्राय करते." व्हिनेगरने डाग पुन्हा पिवळा झाला, पण तळहाताएवढा पसरला. "हे काही निघत नाही. आता एकच उपाय. कॉलर, मनगटं, सगळंच पिवळं करू. निदान मॅचिंग तरी होईल."

प्रमोदिनीबाईंनी हौसेने अख्खी पुडी उकळत्या पाण्यात ओतली.

रविवारी पेटिग्रूसाहेब त्या कॉलरकडे बराच वेळ बघत राहिले. "डॉक्टर, हा रंग दुसऱ्या पलटणीचा. ती पलटण या लढाईत नव्हतीच."

"हळद आहे ती, मिस्टर पेटिग्रू. धुऊन निघेना."

"पलटण म्हणजे पलटण," ते म्हणाले आणि त्यांनी कोपऱ्यात पडलेल्या मराठा ढालीकडे बोट दाखवलं.

पंचेचाळिसाव्या वर्षी जयंतला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. त्याने कोट उतरवला, पगडी घातली आणि तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.

घडीच्या खुर्चीवरून प्रमोदिनीबाई हे पाहत होत्या. मुलाने त्यांना "फॅन्सी ड्रेससारखं असतं गं" एवढंच सांगितलं होतं.

"सुनीती, ही लाल पलटण कुणाची?"

"इंग्रजांची."

"आणि आपला जयंता?"

"मराठ्यांचा."

"मग बाकीचे मराठे कुठायत?"

"बाकीचे नाहीतच, आई. तीन वर्षं तो एकटाच आहे."

प्रमोदिनीबाई उठल्या. तिकडे ढोल वाजला, संगिनी खाली झाल्या आणि बावीस जण पावलं आपटत निघाले. इकडून लुगड्यावर कार्डिगन घातलेल्या बाई थालीपिठांचा भलामोठा डबा घेऊन आल्या आणि मुलाच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"आई, बाजूला हो! मला आत्ता मरायचंय!"

"मरशील मग. आधी खाऊन घे."

पलटण जागच्या जागी थांबली. म्हाताऱ्या बाईवर हल्ला करण्याचा हुकूम पेटिग्रूसाहेबांच्या पुस्तकात नव्हता. त्यातून सगळं अस्सल हवं म्हणून त्यांनी सैनिकांना सकाळपासून कडक बिस्किटं आणि पाणी यांवरच ठेवलं होतं. डब्याचं झाकण उघडलं, खमंग वास सुटला आणि ढोलवाल्याने ढोल खाली ठेवून जयंतला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय तो?" बाईंनी विचारलं.

"पुरेल का सगळ्यांना, विचारतोय."

"न पुरायला काय झालं? बसव पंगतीला."

पेटिग्रूसाहेब "चार्ज!" म्हणून तीनदा ओरडले. एकवीस जण मांडी घालून जेवत होते. शेवटी त्यांनी वहीत 'लढाई अनिर्णित' अशी नोंद केली आणि ते एकटेच बिस्किट चावत बसले.

पुढच्या रविवारी जयंत मैदानावर पोहोचला, तर एकवीस गोरे डोक्याला टॉवेल गुंडाळून मराठ्यांच्या बाजूला उभे. लाल कोटात पेटिग्रूसाहेब तेवढे एकटे. ते जयंतजवळ आले आणि खाकरले.

"डॉक्टर, तो कोट गाडीत आहे का?"

"आहे. पण कॉलर पिवळी आहे."

"मला काही दिसत नाही," पेटिग्रूसाहेब आभाळाकडे बघत म्हणाले.

जयंतने कोट चढवला, बटणं लावली आणि तो छाती काढून साहेबांच्या शेजारी उभा राहिला. समोर एकवीस मराठे गर्जना करत होते. त्यांच्या मागे कॅम्पिंगच्या स्टोव्हवर तवा तापला होता, आणि तिथून प्रमोदिनीबाईंची हाक आली, "जयंता, हरलास की लगेच हात धुऊन ये रे! गार होतंय!"