लाल दोऱ्याचं वांगं

दगडूनानांना जेवायला बोलवायचं म्हणजे आधी भाजीचं कुळ शोधून ठेवावं लागे. ताटात वांगं पडलं की नाना विचारणारच, "बी कुठलं?" एका लग्नात उत्तर आलं, "शहागंजच्या बाजारातलं." नाना नवरदेवाच्या बापाला म्हणाले, "सोयरीक करताना सात पिढ्या बघितल्या, अन् वांगं अनाथ?"

हर्सूलला ते आमचे शेजारी. घरामागच्या अर्ध्या गुंठ्यात अकरा जातींची वांगी. नावं मात्र बी देणाऱ्या बायकांची. सिल्लोडच्या बहिणीकडून आलेली काटेरी ती 'अक्का', सासरवाडीची पांढरी ती 'मामी'. "आज अक्का रुसली," असं नाना म्हणाले की नवख्याला वाटे, घरात भांडण झालंय.

मी तेव्हा पत्रकं काढायचो. पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती. निजामी गेली, आता भूक घालवायची, हा आमचा सरळ हिशेब. मी छापलं: 'जुनं बी म्हणजे जुनी गुलामी! नवं बी पेरा!' गावभर वाटलं. नानांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"माणसं सारखी कर बाबा, लई चांगलं काम हाय. वांग्यांच्या मागं कशाला लागतो? समदी एकसारखी झाली तर एकाच रोगात जातील."

"नाना, हे विज्ञानाचं युग आहे."

"व्हय. रोगाला सांग तसं."

त्याच हंगामात मर रोग आला. गावातल्या नव्या बियाण्याच्या झाडांनी एकदम माना टाकल्या. नानांच्या वाफ्यात कुणी गेलं, कुणी तगलं. 'खाला' नावाच्या जातीचं एकच झाड वाचलं. त्याला एकच वांगं.

ते मी तोडलं. आमच्याकडे बैठकीला पाच कार्यकर्ते आले होते, घरात भाजी नव्हती. वांग्याच्या देठाला लाल दोरा होता. मला वाटलं, नानांनी आम्हा लाल बावटेवाल्यांसाठीच राखलंय. भरीत फक्कड झालं.

संध्याकाळी नाना आले. चुलीजवळ पडलेला दोरा त्यांनी उचलला. "किती जण जेवले?"

"सहा."

"पोटं भरली ना? मग ठीक हाय."

ते गेल्यावर आईनं माझी खरडपट्टी काढली. दोरा म्हणजे बियाण्याचं फळ. झाडावरच पिवळं होऊ द्यायचं. अन् खाला म्हणजे दौलताबादची जैनबबी. नानांच्या आईशेजारी बसून भाजी विकायची. पोलीस ॲक्शननंतर गाव सोडताना ओढणीच्या गाठीतलं बी नानांच्या हातावर ठेवून म्हणाली होती, "संभाल को रखना बेटा, आ को ले जातूँ."

नानांच्या मडक्यात मागलं बी उरलं नव्हतं. सात घरी वानवळा म्हणून दिलं होतं. मी नानांना घेऊन सातही घरं हिंडलो. सगळीकडे एकच उत्तर: "ते फेकलं की! तुमच्या या लेखकानंच कागद वाटला ना?"

परत आलो तर झाडाच्या शेंड्याला एक उशिराचं फूल दिसलं. पंधरा दिवस मी राखण केली. फळ धरलं, तेव्हा नानांनी तोच दोरा माझ्या हातात दिला. "बांध. सैल बांध, वाढायला जागा ठेव."

मी विचारलं, "नाना, खाला आता येतील?"

नाना तण उपटत राहिले. "घर तर तिचं दुसऱ्याचं झालं," ते म्हणाले. "आली तर वळखीचं काय तरी दिसाय नको?"